हिलाल मिस्तरींचा उजवा पाय

हिलाल मिस्तरींनी माझी पहिली चूक काढली ती मथळ्यातली होती. मथळा होता, ‘एका वेलांटीसाठी वृद्धाने झिजवल्या सुकतळ्या’. दाखल्यात नाव चुकलेल्या एका म्हाताऱ्याची ती बातमी होती. मी तेव्हा शहाद्यात एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो, आणि तो मथळा मला इतका आवडला होता की सकाळपासून तीन जणांना वाचून दाखवून झाला होता. चौथे मिस्तरी. त्यांना वाचून दाखवावा लागला नाही. बुटाची टाच बघून घ्यायला मी कोर्टासमोरच्या त्यांच्या पत्र्याच्या टपरीत गेलो तेव्हा अंक त्यांच्या मांडीवरच उघडा होता.

‘हाई तुम्हीच लिखं का?’

मी नम्रपणे होय म्हणालो. कौतुकाच्या तयारीत असलेला माणूस नम्र असतोच.

‘सुकतयी कठे ऱ्हास, माहीत शे का?’

‘बुटात.’

‘बूटमा कठे?’

मी माझ्या बुटांकडे पाहिले. त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही.

‘आत ऱ्हास. पायखाले. घाममुये सडस, झिजत नही. झिजस ती टाच, नि मंग तय. त्या बाबाना जोडा तुम्ही देखा व्हता का?’

शहाद्याकडच्या अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो. त्यामुळे बुटाचा तळ मिस्तरींच्या तोंडी कायम ‘तय’ असे. त्या बाबाचा जोडा मी पाहिला नव्हता. बाबालाही पाहिले नव्हते. बातमी फोनवर घेतली होती. मी तसे सांगितले नाही, पण मिस्तरींनी माझा उजवा बूट काढायला लावला, उलटा केला, मग डावा पाहिला.

‘तुमना तय आजून कोरा शे. फक्त डावा बूटना नाकवर गियरना डाग शे. तुम्ही चालतस कव्हय?’

त्या दिवशी मी वहीत नोंद केली: ‘बूट कारागीर, कोर्टासमोर. स्पष्टवक्ता. फीचर होऊ शकेल.’ तेव्हा मी कोणाबद्दलही ‘फीचर होऊ शकेल’ असेच लिहीत असे.

मिस्तरींचे चरित्र माझ्याकडे पूर्ण नाही. वडील ब्राह्मणपुरी, कळसाडीकडच्या शेतकऱ्यांचे जोडे शिवत, एवढे ठाऊक आहे. काळ्या जमिनीत चिखल तळाला धरतो आणि ओढून टाके तोडतो, म्हणून त्या जोड्यांचे टाके दुहेरी असत. मिस्तरी तरुणपणी सुरतेला गेले, एका बुटांच्या कारखान्यात काही वर्षे राहिले, आणि परत आले ते साहेबी बूट शिकून. काळे, लेसवाले, टाच असलेले. असे बूट शहाद्यात कोण घालतो? वकील, बँकेतले लोक, लग्नातला नवरदेव आणि सत्काराला निघालेला मनुष्य. म्हणून टपरी कोर्टासमोर. सुरतेची एक खूण त्यांच्यात राहिली होती. कातड्याचे थर एकावर एक ठेवून टाच रचताना ते गुजरातीत मोजत: एक, बे, त्रण, चार. शिव्या मात्र अहिराणीतच देत.

तळाच्या मालाला त्यांनी आपली नावे ठेवली होती. पीव्हीसीच्या तळाला ते ‘बादली’ म्हणत, कारण बादलीही त्याचीच होते आणि दोन्ही सारख्याच तडकतात. क्रेपचा तळ म्हणजे ‘गूळ’; मे महिन्यात डांबरी रस्त्यावर तो खरोखरच गुळासारखा होतो. टीपीआर हा ‘टायरना सावत्र भाऊ’. आणि पीयू, म्हणजे आत बारीक हवा धरलेला तो हलका, मऊ तळ, हा ‘पाव’. चामड्याला टोपणनाव नव्हते. चामडे म्हणजे चामडे. ‘चामडं बोलस,’ ते म्हणत. कोर्टाच्या व्हरांड्यात कोण चालले आहे हे ते रस्त्याच्या अलीकडून, टाचेच्या आवाजावरून सांगत. बापूसाहेब नावाचे एक वयस्क वकील दुपारच्या सुट्टीत टपरीतल्या एकमेव स्टुलावर बसायचे. ते म्हणत, ‘मिस्तरी माझ्या अशिलापेक्षा माझी वाट जास्त पाहतो. आणि हा खोटं सांगत नाही.’

मिस्तरींची काम करण्याची एक रीत होती. ते टपरीत नेहमी अनवाणी बसत. तळ किंवा टाच लावून झाली की फडक्याने आपला पाय पुसत आणि तो बूट स्वतःच्या पायात घालत. लहान मापाच्या बुटात जेवढा जाईल तेवढा. मग उभे राहून सगळा भार टाकत. साहेबी बुटाची टाच आतून खिळ्यांनी बसवतात, अर्धा तळ लावला तर पुढे कडेने बारीक खिळे येतात. बूट लोखंडी साच्यावर धरून ठोकला की खिळ्याचे टोक आत वळले पाहिजे. एखादे वळले नाही तर ते सरळ वर राहते आणि बोटाने सापडत नाही. ‘हात खोटं बोलस,’ मिस्तरी म्हणत, ‘पाय नही बोलत.’ बापूसाहेबांच्या सांगण्यानुसार त्यांच्या हातून खिळा राहिलेला बूट आजवर कोणाच्या पायात गेलेला नव्हता. ‘मिस्तरीचा पाय म्हणजे कोर्टाचा शिक्का,’ असे ते म्हणत. हे वाक्य मी फीचरमध्ये वापरले. नाव बापूसाहेबांचे दिले नाही. ‘एक ज्येष्ठ विधिज्ञ’ असे लिहिले. त्याबद्दल ते बरेच दिवस माझ्याशी कमी बोलत होते.

मिस्तरींचा आणि माझा संबंध वाढला तो माझ्या फजित्यांमुळे. पहिली फजिती पावाची.

आमच्या भागात चांगली वस्तू वापरायची नसते, ठेवायची असते. ठेवणीतली साडी, ठेवणीतली सतरंजी, ठेवणीतले बूट. माझ्या लग्नातले बूट मी आठ वर्षे खोक्यात ठेवले होते, डांबराच्या गोळीसह. एका संस्थेने मला नंदुरबारला पुरस्कार दिला तेव्हा ते बाहेर काढले. चमक जशीच्या तशी होती. मला माझ्या काटेकोरपणाचा अभिमान वाटला. सभागृहाच्या पायऱ्या चढताना डावी टाच मऊ लागली. दुसऱ्या पायरीवर ती राहिली. व्यासपीठावर पोचेपर्यंत माझ्या मागे खुर्च्यांच्या रांगेपासून काळ्या भुग्याची एक रेघ तयार झाली होती, आणि पुरस्कार स्वीकारताना माझ्या डाव्या पायात वरून बूट आणि खालून मोजा होता. प्रमुख पाहुणे निर्भीड पत्रकारितेवर बोलले. मी पाय न हलवता ऐकले.

बातमी अर्थात मीच पाठवली. छायाचित्र गुडघ्यापासून वर कापून पाठवले.

दोन दिवसांनी टपरीसमोरून जाताना हाक आली. मिस्तरींच्या हातात अंक होता. त्यांनी छायाचित्रावर बोट ठेवले.

‘पाय कठे गयात?’

बापूसाहेब स्टुलावरून हसले. मी सगळे सांगितले. खोके आणायला लावण्यात आले. मिस्तरींनी उरलेला तळ अंगठ्याने दाबला, तो खारी बिस्किटासारखा चुरला.

‘हाऊ पाव शे. पाव ठेवा तं शिया व्हस. रोज घाला असता तं आजून दोन वरीस चालना असता. बूट ठेवाकरता नही ऱ्हास, भो. घालाकरता ऱ्हास.’

मग त्यांनी पाठीमागचे एक पोते दाखवले. लग्नसराईतले पहिले मुहूर्त होऊन गेले होते आणि पोत्यात तालुक्यातल्या नवरदेवांच्या बापांचे, मामांचे, काकांचे बूट होते. सगळे वरून नवे. सगळे खालून भुगा. मला थोडे बरे वाटले. फजिती सार्वजनिक असली की तिला सामाजिक प्रश्न म्हणता येते. मी ‘ठेवणीतल्या बुटांचे काय होते?’ असा लेख लिहिला. त्यात माझा उल्लेख ‘एक गृहस्थ’ असा होता.

दुसरी फजिती पुण्याची. मी तिथून महागाचे बूट आणले. तळ चामड्याचा, टाच चामड्याची, बाजूने थरांच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. मी ते मिस्तरींना दाखवायलाच नेले, दुरुस्ती काही नव्हती. त्यांनी तळावर नख ओढले आणि मान हलवली: चामडे. मग टाच पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि रापीने, म्हणजे कातडे कापायच्या रुंद सुरीने, एक सालपट काढले. मी ‘अहो, अहो’ म्हणेपर्यंत काडी पेटली होती. सालपट त्यांनी आधी बापूसाहेबांच्या नाकाखाली धरले, मग माझ्या.

‘कसाना वास येस?’

‘कागद जळाल्यासारखा,’ मी म्हणालो.

‘चामडं जळस तं केसना वास येस. हाऊ पुठ्ठा शे. वरथीन रेघा छापेल शेतस.’ त्यांनी बूट माझ्या हातात दिला. ‘पेपर शे, भो. तुमनाच धंदाना माल. आते तुम्ही खरा पेपरवाला.’

बापूसाहेबांनी हे वाक्य त्या दिवशी कोर्टात, बार रूममध्ये आणि बहुधा एका न्यायाधीशांपाशीही सांगितले. महिनाभर मला कोर्टाच्या आवारात ‘पुठ्ठा उना का?’, म्हणजे आला का, असे विचारले जात होते. मिस्तरींनी ती टाच काढून टाकली आणि खरी रचली. एक, बे, त्रण, चार. प्रत्येक थर ठोकून बसवला, सर्वांत खाली पातळ रबराचा तुकडा लावला. चामड्याचे एवढे कौतुक आणि शेवटी रबर कसे, असे मी विचारले. कोर्टाच्या नव्या फरशीवर चामडे घसरते, ते म्हणाले, आणि वकील पडला तर नुकसान मिस्तरींचे होते, कारण वकील उभा असला तरच टाच झिजते. मग त्यांनी पाय पुसला, बूट घातला, भार टाकला आणि मला दिला.

टपरीवरचा माझा फीचर लेख रंगीत पुरवणीत छापून आला. मी तो आजही जपून ठेवला आहे, अभिमानाने नव्हे. त्यातले एक वाक्य असे आहे: ‘मिस्तरींच्या बसायच्या गोणपाटावर टॅन पॉलिशचे ठिपके सांडलेले, जणू त्यांच्या कष्टाची रांगोळी.’ निरीक्षण हा माझा व्यवसाय आहे. नव्या वार्ताहरांना मी तेव्हा निरीक्षणावर व्याख्यानही देत असे.

वर्षभराने पुण्याच्या बुटाचा तळ पुढून झिजला. मी चालायला लागलो होतो, हे मी मिस्तरींना मुद्दाम दाखवले. त्यांनी अर्धा तळ बदलून दिला. ते कपाशीचे दिवस होते. रस्त्यावरून कापसाचे टेम्पो जात आणि उडणारे तंतू ओल्या सोलूशनला चिकटत, म्हणून मिस्तरी त्या दिवसांत टपरीचे एक दार ओढून घेऊन अर्ध्या अंधारात काम करत. पाय घालून पाहिला, दिला. दोन दिवसांनी एका मोर्चात चालताना माझ्या उजव्या करंगळीखाली काहीतरी टोचले.

मला आनंद झाला. हे लिहायला बरे वाटत नाही, पण नोंद अचूक असली पाहिजे. दुसऱ्याची चूक हातात आली की वार्ताहराला जो आनंद होतो तोच तो होता. मथळा, छायाचित्र, पुठ्ठा, सगळ्याची परतफेड. मोर्चा अर्धा सोडून मी टपरीवर गेलो. वाटेत वाक्यही तयार केले.

‘मिस्तरी, तुमच्या पायानं खोटी साक्ष दिली.’

बापूसाहेब स्टुलावर सरसावून बसले.

‘काय झायं?’

‘खिळा राहिलाय.’

‘शक्यच नही.’

त्यांनी बूट घेतला. उजवा पाय फडक्याने पुसला, आत घातला, बसल्या बसल्या दाबला.

‘काहीच नही आठे.’

‘मला टोचतोय ना!’

‘तुमना पाय खुर्चीना पाय शे. नाजूक.’

बापूसाहेब हसले. मीही माझी बाजू सोडली नाही. मी म्हणालो, नीट उभे राहून बघा. मिस्तरी उठले, उजव्या पायावर सगळा भार टाकला आणि माझ्याकडे बघत दोनदा पाय आपटला.

‘देखा. शे का काही?’

त्यांनी पाय बाहेर काढला. प्रथम बापूसाहेबांनी पाहिले.

‘मिस्तरी,’ ते म्हणाले, ‘रगत.’

मिस्तरींनी आधी बूट पाहिला. दाराशी नेला, उजेडात धरला, आत बोट घालून करंगळीच्या जागेवर थांबले. खिळा होता. मग त्यांनी खाली बसून पाय मांडीवर घेतला. करंगळीखाली रक्ताचा एक थेंब आला होता आणि त्याच्या आसपास जुने, काळपट ठिपके होते. तीन असतील, चार असतील. ते त्या पायाकडे दुरुस्तीला आलेल्या वस्तूकडे बघावे तसे बघत राहिले. अंगठ्याने जखम दाबली. आणखी जोरात दाबली.

‘माले समजनं नही,’ ते म्हणाले.

माझे वाक्य कोणालाच आठवले नाही. मला आठवत होते. खाली गोणपाटावर टॅन पॉलिशचे ठिपके होते. तांबूस टॅन बूट कोर्टात जवळजवळ कोणीच घालत नाही.

शहाद्यातल्या डॉक्टरांनी दोन दिवसांत सांगितले ते सरळ होते. शुगर बऱ्याच वर्षांची असावी. पावलांची संवेदना गेली आहे. करंगळीखालची एक जखम आतून चिघळली आहे. अनवाणी बसणे, चालणे बंद. दुसऱ्याच्या बुटात पाय घालणे बंद. बारीक छिद्रांच्या मऊ रबराची, एमसीआर म्हणतात तिची, चप्पल घालायची, घरातसुद्धा. नाहीतर आधी बोट जाईल, मग पाऊल.

‘रबर?’ मिस्तरी म्हणाले. ‘मी?’

पण खरी अडचण रबराची नव्हती. ती त्यांनी टपरीत बापूसाहेबांना सांगितली. ‘पाय नही घाला तं बूट कसा देसू?’

त्यांच्या पत्नी इंदूबाई रोज दुपारी डबा घेऊन येत आणि टपरीच्या फळीवर बसून बुटांना लेस ओवण्याचे काम करत. आजवर मी त्यांना चार वाक्यांपेक्षा जास्त बोलताना ऐकले नव्हते. त्या दिवशी त्या म्हणाल्या, ‘बूट ऱ्हाई, पाय जाई. मंग काय, बूटले हार घालशात?’

मिस्तरी हसले, आणि संध्याकाळी पुन्हा अनवाणी दिसले. एका बँकेतल्या साहेबांच्या बुटात पाय होता.

मी माझ्या परीने प्रयत्न केला. माझी परी म्हणजे लेख. ‘मधुमेह आणि पावलांची निगा: दहा सूत्रे’ हा लेख मी डॉक्टरांशी बोलून, या वेळी समोर बसून, लिहिला. कात्रण मिस्तरींना नेऊन दिले. त्यांनी ते लक्षपूर्वक वाचले, वरून खालपर्यंत, आणि घडी घालून ठेवले. पुढच्या आठवड्यात ते मला एका कारकुनाच्या बुटाच्या पुढच्या भागात सापडले, आकार धरून राहावा म्हणून कोंबलेले.

‘चांगला कागद शे,’ ते म्हणाले. ‘ओल पेस.’

बोट गेले. नंदुरबारला ऑपरेशन झाले, उजव्या पायाची करंगळी काढली. डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितले, फक्त या वेळी ‘मग पाऊल’ पासून सुरुवात केली. इंदूबाईंनी एमसीआरची चप्पल दवाखान्यातूनच आणली होती. मिस्तरी घरी आले, आठवडाभर ती खाटेखाली तशीच पडून राहिली. मी भेटायला गेलो त्या दिवशी ते ओसरीवर बसले होते आणि चप्पल त्यांच्या हातात होती. पायात नाही. रापीने त्यांनी तिच्या टाचेचे सालपट काढले. जाळले, वास घेतला, तोंड वाकडे केले. मग कापलेल्या जागी अंगठा दाबून धरला आणि उचलला. अंगठ्याचा खड्डा पडला होता. तो हळूहळू भरून वर आला. त्यांनी हे पाच-सहा वेळा केले. वेगवेगळ्या जागी, कमी-जास्त जोराने.

‘हाई बोलत नही,’ ते शेवटी म्हणाले. ‘पण आयकस.’

‘नवी चप्पल कापी टाकी!’ इंदूबाई आतून ओरडल्या.

त्यांनी दुसरी चप्पल आणायला लावली आणि तीही कापली. मग स्वतःसाठी बूट केले. वरून काळे चामडे, लेस, कोणत्याही न्यायाधीशाला शोभेल असे. आत शिवण नाही, पुढून रुंद, आणि खाली एमसीआरचा असा जाड थर की बाजूने पाहिले तर बुटाखाली वीट बांधल्यासारखी दिसावी. ते घालून ते टपरीवर आले. बापूसाहेबांनी विचारले, ‘मिस्तरी, उंची वाढली का?’ मिस्तरी म्हणाले, ‘करंगयी गयी, तिनी जागा भरी काढी.’ चालताना त्यांच्या पायांचा काहीच आवाज येत नव्हता. त्यांनी दोनदा मागे वळून पाहिले, आपण चाललो की नाही याची खात्री करत असल्यासारखे.

पाय वाचत होता. काम अडले होते. पाय न घालता बूट द्यायला त्यांचा हात धजत नसे. अंगठ्याने तपासावे तर रापी आणि शिवायची आरी धरून अंगठ्याची कातडी इतकी घट्ट झालेली की ती बुटाच्या तळाइतकीच ऐकत होती. काही दिवस त्यांनी खिळा टाळून नुसत्या सोलूशनवर तळ चिकटवले. उन्हाळा लागला तसे ते उघडले. बँकेतले एक साहेब बूट घेऊन दोंडाईच्याला गेले. मिस्तरी दुपारी रिकामे बसू लागले. डॉक्टर म्हणत होते विश्रांती झाली तर चांगलेच आहे. इंदूबाईंना ते तसे वाटत नव्हते, कारण रिकामे बसलेले मिस्तरी घरीही जेवत नव्हते.

तेव्हा त्यांनी मला बोलावले. कशाला, ते गेल्यावर कळले.

‘बूट काढा. मोजा भी काढा. हाई घाला.’

आठ जोड होते. मी एकेकात पाय घालून उभा राहिलो. आयुष्यात इतक्या वेगवेगळ्या लोकांच्या बुटात मी कधी उभा राहिलो नव्हतो, आणि लेखात मात्र ‘दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहिले पाहिजे’ असे अनेकदा लिहिले होते. पहिल्या दोन जोडांत मला सगळीकडे टोचत होते. मिस्तरींनी तपासले, काही नव्हते. सुताची गाठ होती, सुकतळीची कड होती. मग मी सावध झालो. पाचव्यात खरोखर काहीतरी लागले, पण मिस्तरी एवढ्या आशेने बघत होते की मी ‘ठीक आहे’ म्हणालो. इंदूबाईंनी तो बूट उचलला, आत हात घातला आणि खिळा दाखवला.

मिस्तरींनी मला माझे मोजे परत दिले.

‘तुमना पाय तुमनी बातमीसारखा शे,’ ते म्हणाले. ‘सगयासले खूश ठेवस.’

इंदूबाईंनी तो बूट खाली ठेवला नाही. त्या काही वेळ हातात धरून उभ्या होत्या एवढे मला आठवते. मला बातमीला जायचे होते, मी निघालो.

त्यानंतर निवडणूक लागली, मग माझी धुळ्याला बदली झाली. निघायच्या दिवशी दुपारी मी निरोप घ्यायला टपरीवर गेलो. सांगायची दोन-तीन वाक्ये मनात तयार होती. ती तशीच राहिली, कारण मी आलेलो कोणाच्या लक्षातच आले नाही.

स्टुलावर बापूसाहेब मोज्यांवर बसले होते, एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक. त्यांची तारीख पुकारायची वेळ झाली होती आणि ते सारखे रस्त्यापलीकडे बघत होते. टपरीच्या मध्यभागी इंदूबाई उभ्या होत्या. हिरव्या सुती लुगड्याच्या निऱ्या त्यांनी एका हाताने वर धरल्या होत्या आणि बापूसाहेबांचा काळा बूट त्यांच्या उजव्या पायात होता. दुसरा हात तोल सावरायला मिस्तरींच्या डोक्यावर ठेवला होता. मिस्तरी खाली बसलेले, पायात ते विटेसारखे बूट, हातात हातोडी, आणि मान वर करून बायकोच्या तोंडाकडे बघत होते. इंदूबाईंचे डोळे मिटलेले होते. त्या टाचेवरून हळूहळू पुढे भार टाकत होत्या, चवड्यावर, मग बोटांवर, मग पुन्हा मागे.

‘टोचस का?’ मिस्तरींनी विचारले.

‘अहो, माझी तारीख,’ बापूसाहेब म्हणाले.

‘टोचस का वो?’

इंदूबाईंनी डोळे उघडले नाहीत.

‘थामा ना,’ त्या म्हणाल्या. ‘माले समजू द्या.’